मदत हवी आहे : 'शब्दातून शब्द' स्पर्धेत काना-मात्रा मोडायची की नाही?

मंगळवारपेठ :
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात तालमीच्या गणेशोत्सवात पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी 'शब्दातून शब्द' ठेवतोय. फळ्यावर एक मोठा शब्द लिहायचा आणि त्याच्याच अक्षरांतून मुलांनी जमतील तेवढे लहान शब्द काढायचे. मोठे शब्द इकडचेच घ्यायचेत : कोल्हापूर, राधानगरी, गगनबावडा, पन्हाळगड, अंबाबाई, महालक्ष्मी. पण नियम लिहितानाच दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात 'कोल्हापूर'मधून 'कापूर' निघतो, बाकीचे विचारतात त्यात 'का' कुठाय? जोडाक्षर फोडू द्यायचं का? शब्द कुठल्या कोशावरून ठरवायचा? गुण कसे द्यायचे? जाणकारांनी सांगावं.

पंचगंगाघाट :
दोन्ही तट बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळे खेळ खेळताहेत. आधी शब्द तोडताना सगळ्यात लहान तुकडा कोणता धरायचा ते ठरवा, बाकीचे नियम त्यातूनच येतात.

पहिला खेळ अक्षरांचा. अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट, जोडाक्षर असेल तर अख्खं, एक तुकडा. 'कोल्हापूर' म्हणजे को, ल्हा, पू, र. यातून कोल्हा, पूर, कोर एवढेच शब्द हाताला लागतात. 'कापूर' बाद.

दुसऱ्यात काना-मात्रा मोकळी. क, ल, ह, प, र ही व्यंजनं घ्या आणि हवी ती मात्रा लावा. पालक, पहिला, हलका, लहर, कापूर सगळं चालतं. तिसरी-चौथीला हा बरा. मोठ्या मुलांना फार सैल पडतो, वह्या भरतात आणि तपासणाऱ्याचा जीव जातो.

तिसरा वर्णांचा, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. शब्द पुरता फोडायचा : क्, ओ, ल्, ह्, आ, प्, ऊ, र्, अ. व्यंजनं पाच, स्वर चार, प्रत्येक एकदाच. यातून कापूर, लोहार, होकार, पाऊल, पोहा, राहू, हाक, पूल, लोक निघतात. 'पाऊल'मधला ऊ सुटा उभा राहतो, तेही चालतं, कारण स्वर तोच आहे. हमखास चूक होते ती न दिसणाऱ्या 'अ'ची. 'कोल्हापूर'मध्ये 'अ' एकच, तो शेवटच्या 'र'मध्ये. म्हणून 'पहार' बसत नाही (दोन अ लागतात) आणि 'लहर' तर नाहीच (तीन लागतात). या खेळात क्ष म्हणजे क् आणि ष्, ज्ञ म्हणजे ज् आणि ञ्. उच्चारावरून ज्ञ-मधून द्, न्, य् काढायचे नाहीत, लिखाणावर जायचं.

पाचवी ते सातवीला अक्षरांचाच खेळ ठेवा. वर्णांचा पालकांसाठी वेगळा घ्या, रंगतो.

खासबागकर :
घाटकरांशी सहमत. फक्त अक्षरांच्या खेळाला 'कोल्हापूर' नको, तीन शब्दांत पोरं संपतात आणि उरलेला वेळ गोंधळ घालतात. मोठा शब्द निवडताना जोडाक्षरं कमी आणि नुसती अकारान्त किंवा काना असलेली अक्षरं जास्त, एवढं बघा. 'गगनबावडा' उत्तम : गगन, बाग, डाग, डाव, वडा, वन, नव, नग, वग. इथं मुलं 'गड', 'वाडा' आणि 'वड' लिहिणार. तिन्ही बाद, कारण अक्षरं डा आणि व आहेत, ड आणि वा नाहीत. 'बाबा'ही बाद, बा एकच आहे. 'अंबाबाई'त मात्र बा दोनदा, म्हणून बाबा चालतो, बाई आणि अंबाही चालतात. 'आई' नाही, तिथं अं आहे, आ नाही.

'महालक्ष्मी'त महाल, हाल, मल, लक्ष्मी. 'लक्ष' लिहिलं की काट मारायची, क्ष्मी हे एकसंध अक्षर आहे. ही चार उदाहरणं स्पर्धेआधी फळ्यावर सोडवून दाखवा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

मंगळवारपेठ :
फार उपयोग झाला. मुलांना शोधायची काही रीत शिकवता येईल का? बरीचशी नुसती शब्दाकडं टक लावून बसतात.

पंचगंगाघाट :
टक लावून डावीकडून उजवीकडंच वाचलं जातं, म्हणून उलट क्रमाचे शब्द दिसत नाहीत. प्रत्येक अक्षराची चिठ्ठी करा आणि गोलात मांडा, ओळीत नको.

मग जोड्या. पाच वेगळी अक्षरं असली की दोन अक्षरी जोड्या २० होतात, तीन अक्षरी ६०. वीस जोड्या पोरगं दोन-तीन मिनिटांत तपासतं. एक चिठ्ठी पुढं धरायची, बाकीच्या चार तिच्यामागं लावून बघायच्या, मग पुढची चिठ्ठी. 'राधानगरी'त असं केलं की राग, रान, धान, धारा, नग, गरा ओळीनं सापडतात. तीन अक्षरांत नगरी. आणि पाचही चिठ्ठ्या वापरून धारानगरी! भोजराजाची धारानगरी आणि आपली राधानगरी यांची अक्षरं तीच, फक्त पहिल्या दोघांची अदलाबदल. विशेषनामं चालत नसली तरी हे मुलांना दाखवाच.

कष्ट वाचवणारे दोन नियम :
ळ आणि ण मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. 'पन्हाळगड'च्या २० जोड्यांतल्या ळ-पासूनच्या चार तिथंच गळतात. ळ शेवटी लावून बघा : पळ, गळ.
दुसरं, मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात (आणि, परंतु अशी अव्ययं सोडून). म्हणून 'शिवाजीविद्यापीठ' दिलंत तर शि आणि वि शेवटी ठेवून बघूच नका. सात अक्षरांच्या ४२ जोड्यांतल्या १२ गेल्या.

टंकलेखक :
परीक्षकांसाठी उत्तरांची यादी आधी संगणकावर काढणार असाल तर एक खड्डा. पायथॉन या संगणकभाषेला 'कोल्हापूर'ची लांबी विचारली तर ४ नाही, ९ येते, कारण ो, ्, ा, ू ही चिन्हं सुटी मोजली जातात. अक्षरगट तोडायची तयार सोय वापरलीत तरी युनिकोड (संगणकावर लिप्या साठवायचं मानक) १५.१ (२०२३) च्या आधीच्या नियमांनी 'ल्' आणि 'हा' वेगळे पडतात. त्यामुळं स्वतःच नियम लिहा : हलन्तानंतर (पाय मोडल्याच्या ् चिन्हानंतर) व्यंजन आलं की ते मागच्या तुकड्याला चिकटवायचं, मात्रा आणि अनुस्वारही तसेच. मग दोन्ही शब्दांतली प्रत्येक अक्षराची संख्या ताडून बघायची. लहान शब्दात कुठलंही अक्षर मोठ्यापेक्षा जास्त वेळा आलं की बाद. 'ॲ' आणि 'ऱ्य' दोन-दोन पद्धतींनी टंकलेले सापडतात. शब्दयादीत आधी ते एकसारखे करून घ्या, नाहीतर बरोबर शब्द गळतात.

मोडीवाचक :
कोशाचं. शब्द आहे की नाही यासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश धरा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो, तिथंच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे. पण शब्दकोशाचे मूळ खंड १९३२ ते १९३८ मधले, मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यांत 'केळें' असे अनुस्वार दिसतील. म्हणून शब्दाचं अस्तित्व कोशावरून, लेखन मात्र १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांवरून ठरवा. हे कागदावर लिहून ठेवा.

विभक्ती लागलेली रूपं नकोत. आज्ञार्थावर वाद होतो ('पड', 'गप' कुठं बसवायचे?), त्यापेक्षा कोशात स्वतंत्र नोंद असेल तर घ्यायचं. गुण दोन अक्षरांना १, तीनला ३, चार किंवा जास्तीला ६. एका शब्दाला पाच मिनिटं पुरतात. चुकीच्या शब्दाला गुण कापू नका, लहान मुलं लिहायचीच थांबतात.

मंगळवारपेठ :
शेवटचं विचारतो. 'तांबडापांढरा' द्यायचा मोह होतोय. अनुस्वार सुटा धरायचा का?

खासबागकर :
अक्षरांच्या खेळात नाही, तो तां आणि पां-लाच चिकटलेला. तरी तांडा, पांडा, बरा, बडा, ढब, राब निघतात, शिवाय तांबडा आणि पांढरा आहेतच. मोठ्यांच्या वर्णांच्या खेळात अनुस्वाराच्या दोन चिठ्ठ्या वेगळ्या द्या, कुठल्याही स्वरावर ठेवू देत. फक्त अनुस्वाराचा न् किंवा म् करून वापरायला मनाई, ते आधीच जाहीर करा.