घासण्याआधी स्पिरिट लावून बघा

आजोबांचं जुनं लाकडी टेबल काळवंडलंय, काय करू, असं इथे कुणीतरी विचारलंय आणि बहुतेकांनी ते मशीनने घासून काढायचा सल्ला दिलाय. कृपया थांबा. घासून गेलेलं लाकूड परत येत नाही, आणि वर विनियर (चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर दोन मिनिटांत आतलं लाकूड उघडं पडतं.

आधी मळ काढा. पुष्कळदा काळेपणा लाकडाचा नसतोच, वर्षानुवर्षांच्या मेणाचा आणि धुळीचा असतो. आईचं फडताळ मी टर्पेंटाइनने पुसलं तेव्हा चिंधी काळीकुट्ट झाली आणि खालून लाकडाच्या रेघा वर आल्या. दार तेच, पॉलिशही तेच!

मग न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. थर मऊ, चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे नवा हात जुन्या थरात एकजीव होतो. सगळं खरवडायची गरजच उरत नाही.

टेबलाच्या हलणाऱ्या पायात खिळा मात्र ठोकू नका, हात जोडून सांगते. जुने सांधे बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेले असतात. गरम पाण्याने सरस मऊ पडतो, सांधा न मोडता सुटतो आणि साफ करून पुन्हा सरसानेच जोडता येतो. खिळ्याने लाकूड चिरतं.

आणि पॉलिशऐवजी जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात विषारी शिसं असू शकतं आणि ते धुळीबरोबर उडतं. घरात लहान मुलं असतील तर विशेष जपा.