सुपरव्हिजनला 'पर्यवेक्षण' म्हणावं का?

अडलेलं_पान: नव्या समुपदेशकांसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. 'सुपरव्हिजन'पाशी अडले. थेरपिस्ट ठरलेल्या वेळी एका अनुभवी थेरपिस्टसमोर बसतो, क्लायंटबरोबर काय घडलं, आपण कुठे गोंधळलो, ते सांगतो, ती बैठक. मी 'पर्यवेक्षण' लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्या ताईंनी शेरा दिला, "दहावीच्या परीक्षेचा वर्ग आठवतो." पुढे आणखी पंचाईत. एडवर्ड बोर्डिन यांनी १९८३ मध्ये सुपरव्हिजनमधल्या 'वर्किंग अलायन्स'ची मांडणी केली: ध्येयावर एकमत, कोणी काय करायचं यावर एकमत आणि दोघांमधला जिव्हाळा. या अलायन्सला काय म्हणू? युती, आघाडी म्हटलं की निवडणूक डोळ्यांपुढे येते.

जुना_कोश: पर्यवेक्षणच ठेवा. परि + अव + ईक्षण. 'अव' म्हणजे खाली, म्हणून हा वरून बघणाऱ्याचा शब्द, असं कोणी म्हणेल. पण संस्कृतात 'अवेक्षा' म्हणजे लक्ष, काळजी. गीतेतलं 'स्वधर्ममपि चावेक्ष्य' म्हणजे स्वधर्म ध्यानात घेऊनही. 'वरून पाहणे' हा अर्थ खरा लॅटिनमधून आलेल्या सुपरव्हिजनचा आहे. आपला शब्द अधिक मायेचा आहे.

सेविकेची_लेक: सर, व्युत्पत्ती पटली, पण ऐकणाऱ्याच्या कानात गीता नसते. माझी आई अंगणवाडी सेविका होती. पर्यवेक्षिका येणार म्हटलं की आदल्या रात्री वजनाची, आहाराची रजिस्टरं पुरी व्हायची. एका मुलाचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. त्याचं काय करावं हे आईला त्या बाईंनाच विचारायचं होतं, पण तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपलं काम कमी पडलं असं ठरलं असतं. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण शेरा त्यांच्याच हातात होता. आज मी समुपदेशक आहे, आणि पुस्तिकेत हा शब्द दिसला तर पहिल्या बैठकीला मीही रजिस्टर पुरं करूनच जाईन.

समोरची_खुर्ची: अगदी हेच! मी सुपरव्हिजन देते. निकोलस लाडनी आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा अभ्यास आहे. शिकणाऱ्या थेरपिस्टांपैकी जवळजवळ सगळ्यांनी सुपरव्हायझरपासून काही ना काही लपवलं होतं, आणि त्यात खुद्द सुपरव्हायझरबद्दलची नाराजी सर्वांत जास्त होती. ही भीती शब्द बदलून जाणार नाही. मी पहिल्याच भेटीत सांगते: मूल्यमापन माझ्याकडे आहे, ते अमुक गोष्टींवर होईल, इथलं काय इथेच राहील, आणि कोणाच्या जिवाला धोका दिसला तर काय बाहेर न्यावं लागेल. अधिकार झाकून गोड बोललं तर माणूस जास्त सावध होतो. नंतर अधूनमधून विचारत राहते, "माझं कुठलं बोलणं लागलं का?" पहिल्यांदा "नाही" येतं. तरी विचारायचं. त्यातूनच एकदा खरं उत्तर येतं आणि तेव्हा स्पष्टीकरणं न देता ऐकून घ्यायचं असतं. काम तिथून सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे.

पडद्यामागे: 'तालीम' घ्या की! मूळ अरबी, इल्मच्या घरातला शब्द. नाटकवाल्यांचाही, पैलवानांचाही. दिग्दर्शक तालमीत चुका करू देतो.

जुना_कोश: फारसी-अरबी शब्दांना पर्याय मिळावेत म्हणून शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. आपण पुन्हा तिकडेच जायचं?

पडद्यामागे: 'पर्याय' द्या, पण 'तालीम' परकी म्हणू नका. कोल्हापुरात गल्लोगल्ली तालमी आहेत.

समोरची_खुर्ची: परकेपणाची अडचण नाही. तालीम प्रयोगाआधी होते, आमची बैठक सेशननंतर.

लीड्सची_मावशी: इकडे बीएसीपी या समुपदेशकांच्या संस्थेत मान्यताप्राप्त सभासदाला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, अनुभव कितीही असो. त्यामुळे शिकाऊ, प्रशिक्षण, मार्गदर्शन हे सगळे शब्द तोकडे पडतात. आणि इतिहास बघायचा तर १९२० मध्ये बर्लिनच्या मनोविश्लेषण पॉलिक्लिनिकमध्ये ही पद्धत मॅक्स आयटिंगॉन यांनी बसवली, तेव्हा तिला 'कंट्रोल' म्हणत. जर्मनमध्ये कंट्रोल म्हणजे तपासणी. परीक्षेचा वर्ग जन्मापासूनच आहे!

ओवी_ओवी: अलायन्ससाठी 'सख्य'. नवविधा भक्तीत क्रम बघा: दास्य, सख्य, आत्मनिवेदन. दास्यात असताना निवेदन होत नाही, मध्ये सख्य यावं लागतं. सेविकाताईंच्या लेकीने तेच सांगितलं.

सेविकेची_लेक: वा, हे आवडलं.

समोरची_खुर्ची: मला खटकतं. सख्य म्हणजे मैत्री. सुपरव्हायझर मैत्रीण नव्हे आणि थेरपिस्टची थेरपिस्टही नव्हे. क्लायंटच्या संतापाने त्याला स्वतःच्या वडिलांची आठवण आली तर त्याचा सेशनवर काय परिणाम झाला एवढंच मी धरते, वडिलांचं दुःख त्याने स्वतःच्या थेरपीत न्यावं. ही हद्द 'सख्या'त पुसली जाईल. शिवाय सरकारी दवाखान्यात वाटायच्या पुस्तिकेत भक्तीचा शब्द नको.

ओवी_ओवी: सख्य भक्तीच्या आधीपासून भाषेत आहे. "त्यांचं सख्य नाही" असं आपण भावकीबद्दलही म्हणतो, तिथे कुठे मैत्री अभिप्रेत असते? जमतं की नाही एवढंच.

जुना_कोश: 'सख्य' सखि वरून, म्हणजे मैत्रीच. अर्थ सैल करू नका.

ओवी_ओवी: पर्यवेक्षणाला अवेक्षेचा मूळ अर्थ तुम्ही देता, लोकांनी दिलेला नाकारता. सख्याला लोकांनी दिलेला अर्थ मी घेते. एकच नियम दोन्हीकडे लावा.

अडलेलं_पान: सगळ्यांचे आभार. अलायन्सला सध्या 'कामापुरतं सख्य' लिहिते आहे. सुपरव्हिजन देवनागरीत तसंच ठेवलं. पण आता घेणाऱ्याला काय म्हणू? 'पर्यवेक्षित' वाचून तो चौकशीखाली आहे असं वाटतं.

जुना_कोश: पर्यवेक्ष्य.

पडद्यामागे: वस्तादाच्या समोर असतो तो पठ्ठ्या!

लीड्सची_मावशी: साठीच्या बाईला पठ्ठ्या म्हणणार?

पडद्यामागे: मग पठ्ठी. पण 'वस्ताद' ठेवा, तो 'उस्ताद'वरूनच आलाय ना?

जुना_कोश: हो, फारसीतून. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.