आगगोळा कृष्णविवरासारखा, पण कृष्णविवर नव्हे

दादा, ‘न्यूयॉर्कजवळच्या यंत्रात कृष्णविवर तयार झालं’ हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं. तिथल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या आरएचआयसी या कण आदळवणाऱ्या यंत्रात सोन्याची अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवत असत. त्यातून होणारा आगगोळा कणांचे फवारे गिळून टाकतो, म्हणून २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होरात्सिउ नास्तासे यांनी त्याचं गणित कृष्णविवराशी जुळवून दाखवलं. साम्य समीकरणांतलं, गुरुत्वाकर्षण तिथे नगण्य. प्रत्यक्षात तो क्वार्क-ग्लुऑनांचा (अणुकेंद्रकातल्या मूलकणांचा) द्रव, सुमारे ४ लाख कोटी अंश तापलेला, निमिषात विरणारा.

२००८ ला एलएचसी हे युरोपातलं आणखी मोठं असंच यंत्र सुरू होताना, त्यातलं कृष्णविवर पृथ्वी गिळेल या भीतीने आमच्या पंचवटीतल्या टपरीवर ‘पुढचा कुंभमेळा होतो की नाही’ इथवर मजल गेली होती! अहो, एलएचसीहून कितीतरी जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे कण, ब्रह्मगिरीवरच्या हवेवर पूर्वापार आदळतायत, तरी पृथ्वी शाबूत आहे.