विकायच्या आधी ३०२ वर खर्च करायचा का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०२: नमस्कार मंडळी. नानांचा, म्हणजे कै. वडिलांचा, फ्लॅट विकायचं आता नक्की झालंय. ५८० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), दोन वर्षं बंद आहे. एक एजंट म्हणतो टाइल्स, मॉड्युलर किचन, दोन्ही बाथरूम नवीन करा, साधारण सात लाख लागतील आणि भाव दहा लाखांनी वाढेल. दुसरा म्हणतो आहे तसाच विका. आईला तर काहीच कळेनासं झालंय. जाणकारांनी सांगा.

सी-१०३: मॉड्युलर किचन करून टाका. हल्ली गिऱ्हाईक आत आल्याबरोबर किचनच बघतं.

बी-१०४: किचन बघतं हे खरं, पण त्याचे पैसे देत नाही. घेणारा बहुतेक कर्ज काढूनच घेणार. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) क्षेत्रफळ, एरियातला दर, बिल्डिंगचं वय आणि मजला धरतो. तुमच्या ट्रॉल्यांना त्याच्या फॉर्मवर फारशी जागा नसते.

बी-३०३: काकांना अनुमोदन. आकड्यात सांगतो. समजा तुम्ही ६२ लाख मागितले आणि व्हॅल्युएशन आलं ५८. बँक दोन्हीतली कमी रक्कम धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची मर्यादा, म्हणजे कर्ज मिळणार ४६.४ लाख. घेणाऱ्याला खिशातून १५.६ लाख काढावे लागतील, स्टॅम्प ड्यूटी वेगळी. व्हॅल्युएशन ६२ आलं असतं तर १२.४ मध्ये भागलं असतं. किचनपोटी वाढवलेला प्रत्येक रुपया त्याला रोख उभा करावा लागतो. तिथेच सौदा मोडतो, आणि तोसुद्धा टोकन दिल्यावर.

बी-१०४: शिवाय आपली बिल्डिंग ९८ सालची. रीडेव्हलपमेंटच्या दोन मीटिंगा झाल्यात. आत्ता घेणारा अर्धं लक्ष त्यावरच ठेवून घेणार. जे पाच-सात वर्षांत पाडलं जाईल अशी त्याला आशा आहे, त्यात तुमच्या आवडीच्या टाइल्स त्याला कशाला हव्यात?

सी-१०३: म्हणजे काहीच करू नका?

बी-१०४: करायचं, पण जे बघून माणूस घाबरतो तेवढंच. ओल, गंजलेली सळई, वायरिंग आणि वास. जुनं घर कोणी नाकारत नाही, ओलं घर नाकारतात. ३०२, कॉमन बाथरूमच्या छताचा फोटो टाका बघू.

ए-३०२: [फोटो] [फोटो] पोपडा पडलाय. एका ठिकाणी सळई दिसते.

ए-४०२: आमच्या बाथरूममधून नाही हं. पावसाचं आहे ते, डक्टच्या (पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेच्या) बाजूने येतं. सोसायटीने करायला हवं.

सेक्रेटरी: सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) स्पष्ट आहे. बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा कॉमन पाइपमधून गळती असेल तर खर्च सोसायटीचा. फ्लॅटमधल्या संडास, बाथरूम, सिंकमुळे असेल तर त्या सभासदाचा. आधी कारण शोधा, मग बोलू.

बी-१०४: आणि शोधायला श्रावणासारखा महिना नाही. उन्हाळ्यात सगळ्या भिंती शहाण्यासारख्या वागतात. ४०२ ताई, रागावू नका, तुमच्याकडे फक्त दोन दिवस बाथरूम अडवायचं आहे.

पहिलं काम, ओल कधी वाढते ते बघणे. तुम्ही वापरा न वापरा, सतत टपकतं तर प्रेशरची लाइन, म्हणजे भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप. अंघोळीनंतर तासा-दोन तासांत वाढते तर ट्रॅप (नहाणीच्या जाळीखालचं, पाणी साठून राहणारं भांडं) किंवा टाइल्सचे सांधे. पाऊस लागून राहिला की वाढते तर बाहेरची भिंत.

दुसरं, पाणी साठवून चाचणी. नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओलं फडकं घट्ट बसवायचं. दोन इंच पाणी भरायचं, मात्र उंबऱ्याच्या खालीच राहू द्यायचं. चिमूटभर खाण्याचा रंग घालायचा. पातळीला पेन्सिलची खूण. २४ तास किमान, ४८ तास उत्तम. खाली रंगीत ओल आली तर प्रश्नच मिटला. पातळी उतरली नाही आणि छतही तसंच राहिलं तर टाइल्स आणि कोबा (टाइल्सखालचा थर) ठीक आहे. मग फडकं काढून दोन बादल्या एकदम ओतायच्या. दहा-पंधरा मिनिटांत खाली थेंब आला तर ट्रॅपची मान, म्हणजे तो पाइपला जोडतो तो सांधा.

ए-४०२: बरं. पण ट्रॅप निघाला तर सगळं बाथरूम फोडायला लागेल ना? तो खर्च मी करणार नाही, आत्ताच सांगते.

बी-१०४: नुसता ट्रॅप असेल तर नाही. भोवतालचा दोन बाय दोन फूट तुकडा फोडायचा, ट्रॅप नवीन बसवायचा, भोवती न आकसणारं ग्राउट (फटी भरायचं सिमेंट). त्यावर पॉलिमर कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, एका दिवसाच्या अंतराने. परत पाणी साठवून बघायचं आणि मगच टाइल. पाणी न साठवता टाइल लावायला मिस्त्री घाई करतात, तिथे ऐकायचं नाही. जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी नंतरही दहा-पंधरा दिवस खाली उतरत राहतं. म्हणून लगेच "काम फसलं" म्हणून ओरडू नका.

सेक्रेटरी: मध्येच सूचना: उद्या वरची टाकी धुणार. सकाळी ११ ते ४ पाणी बंद. भरून ठेवा.

बी-१०४: वा, आयतीच चाचणी! ३०२, उद्या त्या वेळात छताचं टपकणं थांबतं का बघा. थांबलं आणि पाच वाजता परत सुरू झालं तर प्रेशर लाइनच. मग रंग घालायचीही गरज नाही.

ए-३०२: आणि सळईचं काय? पेंटर म्हणाला सिमेंट थापून वरून पुट्टी मारतो, दिसणारसुद्धा नाही.

बी-१०४: दिसणार नाही, दिवाळीपर्यंत. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून तर काँक्रीट आतून ढकललं जाऊन पोपडा पडतो. वर नुसतं सिमेंट थापलंत तर तेही ढकललं जाणार. सैल काँक्रीट हातोडीने वाजवून पार काढायचं. जिथवर सळई गंजलीय त्याच्या पुढे चांगली सळई दिसेपर्यंत. तारेच्या ब्रशने घासायचं, गंज घालवणारं रसायन, मग झिंक प्रायमर. ते सुकलं की पॉलिमर मिसळलेला मॉर्टर, एका थरात १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. जाड थर स्वतःच्या वजनाने सुटतो. सळई हाताने वाकण्याइतकी बारीक झाली असेल तर मात्र हे काम मिस्त्रीचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

बी-३०३: त्यावरून आठवलं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी व्हायला हवं, उपविधींतच आहे. आपला शेवटचा रिपोर्ट सेक्रेटरी साहेबांकडून घेऊन ठेवा. जुन्या बिल्डिंगला बँक मागू शकते.

सेक्रेटरी: ऑफिसमध्ये आहे, झेरॉक्स मिळेल.

सी-१०३: हॉलमध्ये तरी नवीन टाइल्स टाका हो. ते मोझॅक बघून लोक परत जातील.

बी-१०४: मोझॅकवर टाइल टाकली की फरशी चिकटवण्यासकट पाऊण इंच वर येते. मग सगळे दरवाजे खालून तासा, मेन डोअरला ठेच, बाथरूमचा उंबरा बुटका. आणि काढून टाकायची तर राडारोड्याच्या गोण्या तीन मजले लिफ्टमधून. त्यापेक्षा पॉलिश करा. ९८ चं मोझॅक आजच्या स्वस्त टाइलपेक्षा सरस आहे, नुसतं मळलंय. मशीनचे तीन-चार हात, जाड दगडापासून बारीकपर्यंत, शेवटी पॉलिश पावडर. फुटलेल्या जागी त्याच रंगाचं सिमेंट आधी भरायचं. एकच लक्षात ठेवा: पॉलिशचा राड भिंतीवर फूटभर उडतो. म्हणून रंगाचा शेवटचा हात पॉलिशनंतर.

सी-२०१: जरा कराचं सांगते, कारण हे कोणी विचारत नाही. रंग, पॉलिश, डागडुजी हा दुरुस्तीचा खर्च, नफ्यातून सहसा वजा होत नाही. नवीन वायरिंग, कायमचं बांधकाम अशी खरी सुधारणा वजा करता येते, पण पक्कं बिल आणि बँकेतून पेमेंट हवं. एजंटचं कमिशन विक्रीखर्च म्हणून वजा होतं, त्याचीही पावती घ्या. नानांनी २००१ च्या आधी घेतला आहे, म्हणजे मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, त्या वेळच्या सरकारी मूल्यापर्यंत. मग इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्के किंवा त्याशिवाय १२.५ टक्के, दोन्ही मांडून कमी ते भरायचं. ही सोय भारतात राहणाऱ्यांना आहे. २००१ चं व्हॅल्युएशन आधीच करून घ्या, सात लाखांच्या कामापेक्षा यात जास्त फायदा होऊ शकतो.

ए-३०२: ताई, शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झालंय. ती नॉमिनी होती. पुरे ना?

सी-२०१: नाही. नॉमिनी म्हणजे विश्वस्त, मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर तू आणि तुझी बहीण दोघंही वारस. एकतर तिघांनी मिळून सही करा, नाहीतर दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र रजिस्टर करा. बहीण बाहेरगावी असते ना? मग रंगाच्या आधी हे. घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार.

बी-३०३: आणि बाल्कनी. ३०२ मध्ये हॉलची बाल्कनी भिंत काढून आत घेतली आहे. व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. आपल्याकडे सगळ्यांनीच घेतल्या आहेत म्हणून तो सोडेलच असं नाही. विचारलं तर लपवू नका. एजंटने जाहिरातीत तो भाग कार्पेटमध्ये धरला असेल तर आत्ताच काढायला सांगा.

ए-३०२: बापरे. आणि वायरिंग? बोर्डला जुने चिनी मातीचे फ्यूज आहेत.

बी-१०४: पूर्ण घराची वायरिंग बदलू नका, भिंती खोदाव्या लागतील. डीबी बॉक्स (फ्यूजचा मुख्य बोर्ड) बदला: एमसीबी (जास्त लोडला आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा). आरसीसीबी बसवल्यावर वारंवार पडला तर इलेक्ट्रिशियनला तो काढू देऊ नका. कुठेतरी ओल्या भिंतीतून करंट गळतोय, ते तो सांगतोय. बहुधा तेच बाथरूम! बेडरूमला एसीसाठी ४ स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी वायर बाहेरून केसिंगमधून न्या. अर्थिंग तपासून घ्या. एवढं बास.

ए-४०२: ३०२ मधून जिन्यात घाण वास येतो, ते पण बघा जरा 😷

बी-१०४: त्याला रंग नको, पाणी हवं. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. बंद घरात ते काही आठवड्यांत सुकतं. प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, किचनच्या जाळीत दोन तांबे पाणी ओता, कमोड फ्लश करा. परत महिनाभर येणार नसाल तर वरून दोन चमचे खाद्यतेल, म्हणजे पाणी उडत नाही. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी हे करायचं, खिडक्या उघडायच्या. उदबत्ती लावू नका, काहीतरी झाकताय असं वाटतं.

ए-३०२: 🙏 आणि रंग कधी काढू? किती लागेल?

बी-१०४: आत्ता नाही. छत दुरुस्त झाल्यावर तीन-चार आठवडे सुकू द्या. नंतर दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव आलं तर अजून ओल आहे, थांबा. लोणा लागलेल्या भागावरची पुट्टी खरवडूनच काढा, वरून पुट्टी मारली की फोड येणारच.

भिंती साधारण १४५० फूट, छत ५८०. साध्या इमल्शनचे दोन हात लिटरला ६० ते ६५ फूट. म्हणजे भिंतींना २० लिटरची एक बादली आणि एक ४ चा डबा, छताला १० ची बादली. पांढरा किंवा अगदी फिका क्रीम. हायलाइटची भिंत नको, ती फक्त करणाऱ्यालाच आवडते.

सी-२०१: पितृपक्षात तसंही टोकन कोणी देत नाही. तोवर कागद करा, नवरात्रात रंग. दसऱ्याला फ्लॅट दाखवायला तयार.

सेक्रेटरी: काम करण्याआधी अर्ज द्या. फोडाफोडी १० ते ५, दुपारी २ ते ४ बंद. राडारोडा गोणीत, आणि गोण्या त्याच दिवशी गेटबाहेर. ४०२ नेही द्यायचा, दुरुस्ती कोणाच्याही खर्चाने होवो.

ए-४०२: देते. काका, शनिवारी या चाचणीला. हिरवा रंग आहे घरात, चालेल?

बी-१०४: चालेल, पण खरंच चिमूटभर. तुमचं ग्राउट पांढरं आहे, डाग राहिला तर मला ऐकवाल. ३०२, शनिवारी किल्ली वॉचमनकडे ठेवा, आणि तुमच्या बाथरूममध्ये छताच्या त्या जागेखाली एक वर्तमानपत्र पसरून ठेवा, म्हणजे थेंबाचा रंग दिसेल.

ए-३०२: ठेवतो काका. उद्या ११ ला छताखाली उभा राहून टाकीवालं पण बघतो.