'मत्स्यसाठा', 'उत्पादन', 'संनियंत्रण' : हे शब्द बरोबर आहेत का?

नमस्कार मंडळी. एका बंदर प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश माझ्याकडे तपासायला आलाय. जनसुनावणीआधी असा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो, केंद्राच्या २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत तशी अट आहे. त्यात एक वाक्य आहे, "मत्स्यसाठ्याचे नियतकालिक संनियंत्रण करण्यात येईल." व्याकरणात चूक काही नाही पण मला खटकत राहिलं, म्हणून आमच्याकडे मासळी घेऊन येतात त्या मावशींना वाचून दाखवलं. त्या पाटी उतरवता उतरवता म्हणाल्या, "साठा म्हंजे बर्फातला ना गं? तो तपासनार काय?" त्यांना वाटलं कोल्ड स्टोरेजची तपासणी होणारे. सारांश ज्यांच्यासाठी लिहिलाय त्यांनाच तो असा पोचत असेल तर शब्द बदलायला हवेत असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीतल्या 'फिश स्टॉक'चं भाषांतर म्हणून 'मत्स्यसाठा' आलाय, तुम्ही त्याला काय म्हणाल?

—

ताई, मावशींचं बरोबर आहे. साठा म्हणजे साठलेलं किंवा साठवलेलं, धान्याचा, तेलाचा, धरणातल्या पाण्याचा. त्यातून काढलं की तेवढं कमी होतं, नाही काढलं तर आहे तेवढंच पडून राहतं. म्हावरं, म्हणजे मासळी, असं पडून राहत नाही, ते वितं, वाढतं, मरतं, इथून तिथे जातं. आणि शास्त्रात स्टॉक म्हणजे नुसती जात पण नाही, तर एका जातीतला असा गट जो एका भागात आपसात वीण करतो आणि ज्याचा हिशेब वेगळा ठेवता येतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ साली १३५ स्टॉक तपासले, त्यातले ९१.१ टक्के बऱ्या स्थितीत निघाले, ही बातमी आली तेव्हा खूप जणांनी १३५ जाती असं वाचलं. तसं नाही ते, एकच जात दोन किनाऱ्यांवर असली तर ते दोन स्टॉक धरतात.

पण 'साठा' मी एकवेळ चालवून घेईन, मला खरा त्रास होतो तो 'मत्स्योत्पादन' या शब्दाचा. शेतकरी पेरतो, राबतो, मग पिकतं, त्याला उत्पादन म्हणा. समुद्रात कोण पेरायला गेलंय? धक्क्यावर जी उतरते ती पकड. २०१८ला महाराष्ट्रात २.९५ लाख टन मासळी उतरली, २०१९ला २.०१ लाख टन, ४५ वर्षांतला नीचांक, आणि लगेच सगळीकडे 'उत्पादन घटले'. अहो त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही दोन वादळं लागोपाठ आली, ऐन हंगामात बोटी धक्क्याला बांधलेल्या. जाळं पाण्यातच पडलं नाही तर पकड कमीच येणार, त्यावरून समुद्रात मासळी किती उरली ते कसं कळणार? उलटपण होतं, बोटी वाढल्या, इंजिनं मोठी झाली, लांब जाऊन मारलं की आकडा चढतो आणि पाण्यात मात्र कमी होत असतं. म्हणून जाणकार नुसते टन बघत नाहीत, एका फेरीला किंवा तासाला किती मिळाली ते बघतात.

—

दादा, मग 'संनियंत्रण'चं काय करू? त्यात 'नियंत्रण' आहे म्हणून लोकांना वाटतं आता कायतरी बंदी येणार.

—

मध्येच बोलतो. 'संनियंत्रण' म्हणजे इंग्रजीतलं मॉनिटरिंग, आणि तो शब्द आपण दोन वेगळ्या कामांसाठी वापरतो. जानेवारी २०२५ पासून आपल्या किनाऱ्यावर बेकायदा मासेमारीवर ड्रोन फिरवायला लागले, ती पाळत. बोट कुठे आहे, पर्ससीन (थव्याला घेरणारं मोठं जाळं) टाकलंय का, बंदीच्या दिवसांत बाहेर गेली का, एवढंच बघायचं. आणि दरमहा त्याच जागी जाऊन त्याच पद्धतीने मोजणं ही वेगळी गोष्ट. तुमच्या वाक्यात दुसरं अपेक्षित आहे, तर सरळ 'मोजत राहणे' लिहा ना, फार तर 'नियमित मोजणी'.

—

'नियमित मोजणी'ला माझं पण मत. मी दोन वर्षं एका जेटीवर हेच काम केलंय म्हणून सांगतो नक्की काय करतात ते. पहाटे बोट लागली की टोपलीतून हाताला येतील तसे बांगडे उचलायचे, निवडून मोठे घ्यायचे नाहीत. पट्टीवर ठेवायचा, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी, मग वजन, मग पोट फाडून गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, बघायची. भरली नाही, भरतेय, पिकलीय, का सोडून झाली, सगळं वहीत. वही खवल्यांनी चिकट व्हायची. थंड समुद्रातल्या माशांच्या कानातल्या खड्यावर वर्षाची वळी स्पष्ट उमटतात आणि वय कळतं, आपल्याकडे ती तितकी नीट उमटत नाहीत म्हणून शेकडो लांब्या मोजून वयाचा अंदाज बांधतात. पहिली गाभोळी किती लांबीला धरते हे असंच कळतं आणि त्याखालची मासळी मारू नका हा नियम त्यातूनच येतो. महाराष्ट्राने २०२३ला ५४ जातींची किमान लांबी ठरवली ती या वह्यांच्या जिवावर. १ जून ते ३१ जुलै बंदी असते त्यामागेही मासळी गाभोळीवर असते हे एक कारण आहे.

एवढा सुंदर शब्द आपल्याकडे असताना अहवालात 'प्रजननक्षम अवस्था' कशाला लिहितात? 'गाभोळीवर असलेली मासळी' लिहा, सगळ्या किनाऱ्याला कळेल.

—

मी समुद्रापासून लांबचा, ऊसवाला. पण हे वाचून एक शब्द सुचला, बेणं. आमच्याकडं सगळा ऊस कारखान्याला घालत नाहीत, पुढच्या लागणीला बेणं ठेवायला लागतं, आणि त्यासाठी राखलेल्या रानाला बेणे मळा म्हणतात. कितीबी नड असली तरी बेणं गाळपाला घालायचं नसतं. तुम्ही म्हणता ती गाभोळीची मासळी म्हणजे बेणंच की.

—

काका, काय नेमका शब्द दिलात! 'मत्स्यबीज' आधीपासून आहे पण ते तळ्यात सोडायच्या पिल्लांना म्हणतात. विणाऱ्या मोठ्या मासळीला असा सोपा शब्द नव्हता, बेणं एकदम बसतो. आणि बेणे मळा तर त्याहून. खाडीचं तोंड, तिवरांच्या मुळांमधलं पाणी, जिथे कोळंबीची पिल्लं वाढतात, तो बेणे मळाच. बंदरासाठी गाळ उपसला की पाणी गढूळ होऊन तो गाळ पसरून तळाशी बसतो, आणि 'जैवविविधतेवर अल्पकालीन परिणाम' असं लिहून मोकळे होतात. तिथे 'बेणे मळ्यावर गाळ बसेल' असं छापलं तर सुनावणीत लोक उठून प्रश्न विचारतील. तेवढं एक बघा, सगळ्या मासळीला बेणं म्हणू नका, विणायच्या मासळीलाच म्हणा. एकूण स्टॉकला 'समुद्रातली मासळी' पुरतं, आणि वेगळा गट दाखवायचा असेल तर 'या किनाऱ्याची मासळी'.

—

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलं, "या किनाऱ्याची मासळी किती आहे, त्यात बेण्याची किती आणि ती केव्हा गाभोळीवर येते, याची नियमित मोजणी केली जाईल." आज मावशींना परत वाचून दाखवलं. सगळं कळलं त्यांना, आणि विचारलं काय तर, "पावसातपन मोजनार ना?" मी अहवाल उघडून बघितला. आधीची मोजणी एकाच हंगामाची, पावसाळा सोडून, बऱ्याच अहवालांत असंच असतं म्हणे. म्हणजे गाभोळीच्या दिवसांत कोणी पाण्यात उतरलंच नाही. त्या मोजणीला 'आधाररेषा' म्हटलंय आणि पुढची सगळी तुलना तिच्याशीच होणार आहे. 'बेसलाइन'ला असा शब्द हवाय ज्यात ती केव्हा मोजली हे विचारावंसं वाटेल. 'आधीची मोजणी' एवढंच ठेवू का, की कोणाकडे याहून चांगला आहे?