सौजन्य शिकवायला सरकारी मोहीम हवी का? सिंगापूरच्या निमित्ताने

क्लेमेंटीकर (चर्चाप्रस्ताव)

माणसाने माणसाशी नीट वागावे, हे सांगायला सरकार कशाला लागते, असा प्रश्न गेल्या आठवड्यात माझ्या मोठ्या भावाने फोनवर विचारला. सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागात राहायला येईपर्यंत माझेही हेच मत होते. आता ते राहिलेले नाही, आणि का राहिले नाही ते मांडून इतरांची मते जाणून घ्यावीत, म्हणून हे लिहितो आहे.

१९७९ च्या जूनमध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी इथे राष्ट्रीय सौजन्य मोहीम सुरू केली. त्याआधी पर्यटन मंडळ परदेशी पाहुण्यांशी अदबीने वागण्याचे आवाहन करत असे. हे सौजन्य पाहुण्यांपुरते न राहता आपसांतही असावे, अशी नव्या मोहिमेची भूमिका होती. १९८२ मध्ये 'सिंगा' नावाचा हसरा सिंह तिचे बोधचिन्ह झाला आणि भित्तिपत्रकांवरून, शाळांमधून तो घरोघरी पोहोचला. १९९७ मध्ये याच विचारातून सिंगापूर काइंडनेस मूव्हमेंट, म्हणजे दयाळूपणाची चळवळ, उभी राहिली.

ही वेळ महत्त्वाची आहे. वाडीवस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी, मलय आणि तमिळ कुटुंबे त्या दशकांत सरकारी वसाहतींच्या उंच इमारतींत राहायला येत होती. जिना, लिफ्ट, कपडे वाळत घालायच्या काठ्या, सगळेच एकमेकांच्या अंगावर आले होते, आणि शेजाऱ्याशी कसे वागावे याचे प्रत्येकाचे संकेत मात्र आपापल्या घरून आलेले होते. अशा ठिकाणी सर्वांना ठाऊक असलेली एक किमान रीत कोणीतरी मोठ्याने सांगावी लागते, असे मला वाटते.

एक प्रसंग सांगतो. पत्नीला सातवा महिना असताना आम्ही संध्याकाळच्या गर्दीत मेट्रोने घरी चाललो होतो. दाराजवळच्या राखीव जागेवर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. त्याला "ऊठ" म्हणण्याचा धीर मला झाला नसता, कारण मी परका आणि तो इथला. त्याच्या डोक्यावर काचेला लावलेल्या राखीव जागेच्या चित्राकडे मी नुसते बोट केले. तो कानापर्यंत लाल झाला, दप्तर छातीशी धरून उठला आणि पुढचे तीन थांबे आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. वाद घालायला तिथे जागाच नव्हती, कारण मी माझे काही मागत नव्हतो, दोघांनाही आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीची आठवण देत होतो. मोहिमेचे काम एवढेच असते आणि ते मोठे असते.

डोंबिवलीकर

आपला प्रसंग मनाला भिडला, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

मी बावीस वर्षे लोकलच्या महिला डब्यातून प्रवास करते. तिघींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा द्यायची, "कुठे उतरणार?" असे विचारून ठेवलेल्या जागेचा क्रम मोडायचा नाही, उभ्या असलेल्या बाईची पिशवी बसलेलीने मांडीवर घ्यायची, कुणाला घेरी आली तर पाणी आणि लिमलेटची गोळी न मागता पुढे करायची; यातले काहीही आम्हाला कुठल्या फलकाने शिकवलेले नाही. रोज एकाच संकटात सापडलेल्या बायकांनी ते आपसांत घडवले आहे. सौजन्य खालून वर येते. वरून खाली येते ती सूचना.

सिंगापूरचेच उदाहरण घ्यायचे तर हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या सार्वजनिक जागांमधल्या, ट्रेचे घ्या. खाऊन झाल्यावर आपला ट्रे आपणच नेऊन ठेवावा, असे आवाहन तिथे २०१३ पासून होत होते आणि टेबलांवर उष्टी ताटे तशीच पडून राहत होती. १ सप्टेंबर २०२१ पासून नियमाची अंमलबजावणी सुरू झाली, म्हणजे पहिल्या वेळी लेखी ताकीद आणि दुसऱ्या वेळी ३०० सिंगापूर डॉलरचा दंड. त्यानंतर काही आठवड्यांत चित्र पालटले. मग फरक कशाने पडला, सिंहाने की दंडाने? खुद्द त्या सिंहाच्या नावाने २०१३ च्या मे महिन्यात राजीनाम्याचे पत्र प्रसिद्ध झाले होते आणि वाढत्या रागीट समाजाला तोंड देऊन आपण थकलो आहोत, असे त्यात म्हटले होते.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. घरकामासाठी परदेशांतून आलेल्या बायकांना आठवड्याची सुट्टी द्यावी किंवा तिचा मोबदला द्यावा, हे सिंगापुरात कायद्याने आले ते जानेवारी २०१३ पासूनच्या कामाच्या नव्या परवान्यांना. सौजन्याची मोहीम सुरू होऊन तोवर ३३ वर्षे झाली होती. ज्या घरांत सिंगाची चित्रे लहान मुलांनी रंगवली, त्यांतल्या काही घरांत त्या मुलांना वाढवणारी बाई सातही दिवस राबत होती. तिला गोड शब्द नको होते, रविवार हवा होता.

शुश्रूषा

डोंबिवलीकरताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा अनुभव जोडते. मी ज्या रुग्णालयात परिचारिका होते, तिथे एकदा सौजन्य सप्ताह पाळला गेला. "मी आपली काय सेवा करू?" असे लिहिलेले बिल्ले आम्हाला छातीवर लावायला दिले. त्या आठवड्यात रात्रपाळीला चाळीस खाटांना आम्ही दोघीच होतो. पहाटे एका आजोबांनी चौथ्यांदा बेडपॅन मागितले तेव्हा माझा आवाज चढला, आणि त्यांच्या मुलाने त्या बिल्ल्यावर बोट ठेवून मला माझेच शब्द वाचून दाखवले. त्याची चूक नव्हती. पण क्लेमेंटीकर, आपण ज्या बोट दाखवण्याबद्दल लिहिले आहे ते बहुतेक वेळा खालच्या पायरीवरच्या माणसाकडेच रोखले जाते, हे आपण लक्षात घ्यावे. त्या आठवड्यात आम्हाला तिसरी परिचारिका मिळाली असती, तर बिल्ल्याची गरज पडली नसती.

माणदेशी

दोन्ही बाजू वाचल्या. आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम चालली, ती गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने. तीही सरकारी मोहीमच होती, पण तिच्यात नुसते फलक नव्हते. ग्रामसभेतून समिती निवडायची, तंट्यांची नोंद करायची, समोरासमोर बसवून मिटवायचे आणि काम चांगले झाले तर गावाला बक्षीस, अशी तिची रचना होती.

आमच्या गावात दोन चुलत भाऊ बांधावरून अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. समितीने त्यांना देवळाच्या ओसरीवर बसवले. पहिल्या दिवशी दोघांनी चहाला हात लावला नाही. तिसऱ्या बैठकीला थोरल्याने आपली बशी धाकट्याकडे सरकवली आणि मग दोरी धरून बांध मोजायला सगळे शेतावर गेले. काही गावांत बक्षिसासाठी तंटे कागदावरच मिटले, हेही मी पाहिले आहे. तरीही सरकारने निमित्त दिले नसते, तर त्या दोघांना बोलवायला कोण पुढे झाले असते? पुढाकार घेणाऱ्याला भावकी विचारतेच, "तुला कोणी सांगितले?" त्या वेळी मोहिमेचे नाव सांगता येते.

क्लेमेंटीकर

शुश्रूषाताई, आपले म्हणणे मला मान्य आहे. माणसे कमी ठेवून हसऱ्या चेहऱ्याची सक्ती करणे हा अन्याय आहे आणि त्याला मोहीम हे नाव देऊन तो झाकता येत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांच्या सुट्टीबाबतही कायदा उशिरा आला, याबद्दल माझ्याकडे समर्थन नाही.

पण डोंबिवलीकरताई, चौथ्या सीटचे सौजन्य रोजच्या ओळखीचे असते. त्याच डब्यात मोठी बॅग आणि कडेवर मूल घेऊन एखादी नवखी बाई चुकून चढली, तर तिच्या वाट्याला काय येते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. गटाची रीत गटापुरती असते. जिची कोणाशी ओळख नाही, भाषाही वेगळी आहे, तिच्यासाठी कोणीतरी सर्वांच्या वतीने बोलावे लागते. ट्रेच्या बाबतीतही, आधीची आठ वर्षे लोकांच्या कानांवर ती गोष्ट पडली नसती, तर दंडाचा नियम इतक्या सहज पचला नसता.

डोंबिवलीकर

त्या बाईबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. गेल्या पावसाळ्यात ठाण्याला अशाच एका बाईवर मीही ओरडले. तिचे मूल दचकून रडू लागले आणि ते रडणे मला दिवसभर ऐकू येत होते. पण मी का ओरडले, हेही प्रामाणिकपणे सांगते. ती गाडी चुकली असती तर पुढच्या गाडीत पाय ठेवायला मिळेल याची खात्री नव्हती आणि कार्यालयात लेट मार्क लागला असता. क्लेमेंटीला गर्दीच्या वेळी पुढची गाडी किती वेळात येते?

क्लेमेंटीकर

दोन-तीन मिनिटांत येते. आपला प्रश्न योग्य आहे आणि त्यातले उत्तरही मला समजले. तरीही त्या मुलाला उठवले ते गाडीच्या वेळापत्रकाने नव्हे, एवढे मात्र मी धरून राहणार आहे.