‘व्यंगावर मात’ : चित्राखालच्या पट्टीवर काय लिहावं?

विचारणा :
पुढच्या महिन्यात बालगंधर्व कलादालनात आमचं सामूहिक चित्रप्रदर्शन आहे. चित्रांखालच्या पट्ट्या मी लिहितेय आणि एका मैत्रिणीच्या तैलचित्रापाशी अडलेय. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती पायाला आधारासाठी कॅलिपर लावून चालते. चित्रात ती आणि तिची जोडीदार दुपारच्या उन्हात पलंगावर पहुडल्यात. कॅलिपर खाली फरशीवर, मांडीवर त्याच्या पट्ट्याचा तांबूस वळ. तो वळ तिने इतक्या मायेने रंगवलाय की नजर तिथेच जाते.

मी लिहिलं होतं, ‘शारीरिक व्यंगावर मात करून समलिंगी लैंगिकतेचा वेध घेणारी चित्रकर्ती’. तिने पेन मागितलं आणि ‘व्यंगावर मात’ खोडलं. म्हणाली, “मात कुणावर? तो माझा पाय आहे.” मग ‘लैंगिकता’ही खोडलं. आता काय लिहू?

प्रतिसाद १ :
ताई, मैत्रिणीने नेमका शब्द पकडला. व्यंग म्हणजे वि + अंग, अंगात उणं असलेला. व्यंगचित्रातलं ‘व्यंग’ वेगळ्या कुळातलं. ते मुळात व्यंग्य, म्हणजे व्यंजनेने सुचवलेला अर्थ. मराठीत ‘य’ गळाला आणि दोन्ही शब्द सारखेच दिसू लागले. शिवाय ‘व्यंगावर बोट ठेवणे’ म्हणजे चूक दाखवणे. पायाला व्यंग म्हटलं की ती चूक आपणच त्याच्या पदरात घालतो. आणि मात बुद्धिबळातली, शह-मातमधली. तिला समोर शत्रू लागतो.

प्रतिसाद २ :
‘दिव्यांग’ लिहा की. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी कागदांवर आता हाच शब्द असतो.

प्रतिसाद ३ :
मी स्वतः कुबडी वापरतो. फॉर्मवर दिव्यांग ठीक, या चित्राखाली नको. दिव्य म्हटलं की अंग मखरात जाऊन बसतं, आणि मखरातल्या अंगालाही कुणाची ओढ वाटत असेल हे लोकांच्या मनातही येत नाही. मी ‘अपंग’च म्हणतो, पण तिला विचारा.

‘लैंगिक’ का खोडलं तेही कळतं. लैंगिक छळ, लैंगिक आजार, लैंगिक शिक्षण : हा शब्द आपल्याला तक्रारीत किंवा दवाखान्यात भेटतो. आपल्याकडे ‘शृंगार’ आहे, नवरसांतला पहिला. लावणीत चालतो, मग अपंग बाईच्या चित्राखाली का नाही चालणार?

आणि ‘समलिंगी’ लिहिण्याआधी त्या जोडीदाराची परवानगी घ्याच. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला, पण घरमालक आणि नातेवाईक अजून तिथेच आहेत. मुंबईत जन्मलेले, बडोद्यात रंगवणारे भूपेन खक्कर आठवतात. १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये त्यांनी सज्जात उभा नग्न पुरुष रंगवला, समोर बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट. शीर्षकात समलिंगी हा शब्द नाही, तरी चित्र काही लपवत नाही.

विचारणारी :
सगळ्यांचे आभार. दोघींना विचारलं. जोडीदाराचं नाव नको, नातं चित्रात दिसतंय तेवढं पुरे, असं ठरलं. ‘अपंग’ही नको, कारण कॅलिपर समोरच आहे. पट्टी अशी : ‘दुपारचा शृंगार. कॅनव्हासवर तैलरंग.’

छापखान्यातून नमुना आला त्यात ‘श्रृंगार’ होतं. श नंतर ऋ, त्यात र नाही. दुरुस्त करून पाठवलंय.